चकोट डोक्यावरची सावली जात का नाही?

गुळगुळीत भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला तर बोटांना काही लागत नाही. आरशात मात्र कानांच्या वर, मागे मानेपर्यंत, निळसर-करडा पट्टा स्वच्छ दिसतो. "सकाळीच वस्तरा फिरवलाय, मग हे काय राहिलंय?" हा प्रश्न म्हापशापासून मडगावपर्यंतच्या सलूनांत रोज कुणीतरी विचारतं. एप्रिल-मेच्या उकाड्याला वैतागून गोटा केलेले विचारतात, तिरुपतीला केस वाहून आलेले विचारतात, वडिलांच्या दहाव्याला क्षौर करून कामावर परतलेले विचारतात. टक्कल पडू लागल्यावर उरलेले केस स्वतःहून काढून टाकणारे तर सगळ्यात जास्त विचारतात, कारण त्यांना हे एकदा नाही, आयुष्यभर सांभाळायचं असतं.

बहुतेकांची समजूत अशी की काम अर्धवट झालंय. मग दुसऱ्यांदा उलटा हात फिरतो, पात्यावर जोर पडतो, आणि संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पुळ्या उठतात. सावली तिथेच असते. ती जात नाही, कारण ती कातडीवर नसते, कातडीच्या आत असते. एवढी एक गोष्ट नीट समजली तर पैसेही वाचतात आणि कातडीही वाचते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आत नेमकं काय असतं

केस जिथून उगवतो त्या कातडीतल्या बारीक नळीला केसकूप म्हणतात. डोक्यावर असे साधारण एक लाख केसकूप असतात, दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते दोनशे. नळीचं बूड कातडीच्या पृष्ठभागापासून सुमारे चार मिलिमीटर खाली असतं. केसाचा जिवंत भाग तो एवढाच, बुडाशी असलेला. तिथे नव्या पेशी तयार होतात, त्यांत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य भरलं जातं, आणि वर सरकता सरकता त्या मरून घट्ट होतात. आपण कापतो तो केस मेलेला असतो, म्हणूनच कापताना दुखत नाही.

वस्तरा पृष्ठभागाशी केस कापतो. खालचा काळा दांडा नळीत तसाच उभा राहतो. आणि कातडी काही पत्र्यासारखी अपारदर्शक नसते, वरच्या थरांतून थोडा प्रकाश आत जातो. मांडवीच्या कडेला जाळी बांधायला रोवलेले खुंट भरती आली की पाण्याखाली जातात, पण पाणी नितळ असेल तर वरून काळे दिसत राहतात. पाण्याचा पृष्ठभाग कितीही खरवडला तरी ते खुंट दिसायचे थांबणार नाहीत. डोक्यावर तेच घडतं. शेकडो काळे दांडे पृष्ठभागाच्या जरासे खाली उभे असतात, आणि दोन-तीन फुटांवरून डोळ्याला ते सुटे सुटे न दिसता एकसंध छटा दिसते.

मग ती निळसर का? केस काळा, कातडी सावळी, यात निळं आलं कुठून? प्रकाशातला तांबडा भाग कातडीत खोलवर शिरतो आणि काळ्या दांड्यांत शोषला जातो. निळा भाग वरच्या थरातच विखुरतो आणि बाहेर परततो. म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशात तांबडं कमी पडतं आणि निळं उरतं. मनगटावरच्या शिरांमधलं रक्त गडद तांबडं असूनही शिरा निळ्या-हिरव्या दिसतात, त्यामागे प्रकाशाचा हाच हिशेब आहे. उजळ कातडीवर सावली निळी दिसते, सावळीवर राखाडी किंवा किंचित हिरवट.

यातून एक गोष्ट ओघाने येते. सावली किती ठळक दिसेल हे भादरणाऱ्याच्या हातापेक्षा तीन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: केस किती काळा आणि जाड आहे, किती दाट आहे, आणि कातडी त्यामानाने किती उजळ आहे. पिकलेल्या केसांत मेलॅनिन नसतं, म्हणून साठी ओलांडलेल्या माणसाच्या चकोट डोक्यावर सावली जवळजवळ दिसत नाही. पंचविशीतल्या दाट केसांच्या मुलाला मात्र जगातल्या कुठल्याही पात्याने ती घालवता येणार नाही.

मग जोर लावला तर काय मिळतं

डोक्यावरचा केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. कातडीचा सर्वांत वरचा थर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. समजा तुम्ही कातडी ताणून, पातं दाबून, उलट्या हाताने केस पृष्ठभागाच्या ०.१ मिलिमीटर खाली कापलात. एवढी वाढ भरून यायला केसाला सात-आठ तास लागतात. म्हणजे एवढ्या खटाटोपाची कमाई एका झोपेएवढी, आणि तिच्यासाठी कातडीचा वरचा थर खरवडून निघतो.

नुकसान तिथे थांबत नाही. तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढून वर काढतं आणि मागचं पातं तो कापतं. कापलेलं टोक मग मागे सरकून कातडीच्या खाली जातं. ते तिरकं आणि धारदार असतं. केस सरळ असेल तर सहसा नीट बाहेर येतो, पण कुरळा असेल तर नळीच्या भिंतीतच घुसतो, किंवा बाहेर येऊन वळून पुन्हा कातडीत शिरतो. शरीर त्याला बाहेरून आलेला काटा समजतं आणि तिथे लाल, दुखरी गाठ येते. आत वळलेल्या केसांच्या या पुळ्या सगळ्यात जास्त मानेवर, केसांच्या खालच्या रेषेपाशी येतात.

मानेवरच्या या गाठींकडे दुर्लक्ष करू नका, हे मी कळकळीने सांगतो. काही जणांत, विशेषतः कुरळ्या केसांच्या पुरुषांत, त्या बऱ्या न होता कडक होत जातात, एकमेकींना जोडून जाड वळ उठतो आणि त्या जागचे केस कायमचे जातात. सुरुवातीला औषधाने हे आटोक्यात येतं, उशीर झाला तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं. मानेवर पुन्हा पुन्हा गाठी येत असतील तर तिथला वस्तरा आधी बंद करायचा, घासणाऱ्या ताठ कॉलरचे शर्ट बाजूला ठेवायचे आणि त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, त्वचारोग विभाग आहे. त्यासाठी खासगी दवाखान्याचा खर्च परवडायलाच हवा असं नाही.

टाळू चमकते आणि बाजू काळ्या, असं का

अनुवंशिक टक्कल पडताना सगळे केसकूप सारखे वागत नाहीत. पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचा पदार्थ बनतो. कपाळ आणि टाळूवरचे केसकूप त्याला संवेदनशील असतात. केस गळून नवा उगवण्याच्या दर फेरीला ते लहान होत जातात, आणि शेवटी त्यातून जेमतेम दिसेल अशी, रंगहीन लव येते. कानांच्या वरचे आणि मागचे केसकूप डीएचटीला दाद देत नाहीत. म्हणून शेवटी घोड्याच्या नालेच्या आकाराचा पट्टा उरतो. टकलाचे सात टप्पे दाखवणारा नॉरवूडचा तक्ता १९७५पासून जगभर वापरला जातो, त्यात शेवटचा टप्पा हाच.

पूर्ण डोकं भादरलं तरी वर सावली पाडायला काळे दांडेच नसतात, बाजूला भरपूर असतात. शिवाय वर तेलकटपणाने चकाकी येते, बाजूचा भाग खुंटांमुळे निस्तेज राहतो, आणि फरक दुप्पट वाटतो. त्यात कातडीच्या रंगाची भर पडते. इतकी वर्षं केसांखाली झाकलेली कातडी कपाळापेक्षा उजळ असते, म्हणून पहिल्यांदा गोटा केल्यावरच्या दोन-तीन आठवड्यांत सावली सगळ्यात उठून दिसते. पुढे कातडी एकसारखी झाली की ती आपोआप थोडी दबते. पहिल्याच आठवड्यात निराश होऊन लेझरची चौकशी करणाऱ्यांना म्हणूनच सांगावंसं वाटतं, महिनाभर थांबा.

"पण भादरल्याने केस दाट आणि राठ होतात ना?"

नाही. हे इतक्या ठामपणे सांगता येतं, कारण ते फार पूर्वीच तपासलं गेलंय. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून पाहिले. भादरल्याने ना जाडी वाढली, ना वेग. १९७० साली काही तरुणांचा एकच पाय काही महिने नियमित भादरून दुसऱ्या पायाशी तुलना केली गेली, तेव्हाही फरक सापडला नाही. आणि सापडणार कसा? केसाची जाडी ठरते ती खाली चार मिलिमीटरवर. वर मेलेला दांडा कापला याची खबर तिथे पोचायला काही मार्गच नाही.

तरी हाताला राठ का लागतं, हा प्रश्न रास्त आहे. न कापलेला केस टोकाशी निमुळता असतो. कापलेल्या केसाचं टोक बोथट आणि दांड्याएवढंच रुंद असतं. दुसरं, तोकडा केस वाकत नाही. लांबी निम्मी झाली की तो वाकवायला आठपट जोर लागतो. म्हणून मिलिमीटरभर खुंट टोचतात आणि तेच केस महिन्याभरात मऊ लागतात.

"आमच्या बाळाचं जावळ काढल्यावर केस दाट आले," हा घरोघरचा अनुभव असतो आणि तो खोटा नाही. जन्मतःचे बरेच केस पहिल्या काही महिन्यांत तसेही गळतात आणि वयाबरोबर जाड केस येऊ लागतात. जावळ नेमकं त्याच सुमारास काढलं जातं. विधी श्रद्धेने करा, त्यात काही वावगं नाही. केस दाट व्हावेत म्हणून मात्र मुलाच्या कोवळ्या डोक्यावर दोन-तीन वेळा वस्तरा फिरवू नका.

गोव्याची हवा इथे कशी आडवी येते

भादरण्याबद्दलचा बराचसा सल्ला थंड, कोरड्या हवेतल्या लोकांसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने घाम वाळत नाही, आणि पावसाळ्यात तर हेल्मेटच्या आतलं अस्तरही वाळत नाही. दिवसभर हेल्मेट घालून भाड्याची मोटारसायकल चालवणारे 'पायलट', डिलिव्हरीवाली मुलं, डिचोली-साखळीहून रोज पणजीला दुचाकीने येणारे नोकरदार, यांच्या ताज्या भादरलेल्या डोक्यावर ओल, उष्णता आणि घर्षण तिन्ही एकत्र येतात. पात्याने पडलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या ओरखड्यांतून जिवाणू केसकुपात शिरतात आणि पुळ्या येतात, कधी मोठं केसतूड होतं.

अशा लोकांनी सकाळी घाईत भादरून लगेच हेल्मेट घालण्यापेक्षा रात्री भादरावं. कातडीला सावरायला सात-आठ तास मिळतात. सकाळपर्यंत केस थोडा वर येतो, पण तेवढा चालवून घ्यावा. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी वापरावी आणि ती रोज धुवावी. अस्तर निघणारं असेल तर आठवड्याला धुवून उन्हात टाकावं.

खोबरेल तेलाबद्दल लिहिताना जपून लिहायला हवं, कारण आपल्या घरांत ते औषधाच्या जागी आहे. केस असताना तेल बरंचसं केसांवर राहतं. केस नसताना ते थेट कातडीवर आणि केसकुपांच्या तोंडाशी बसतं. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मॅलेसेझिया नावाची बुरशी राहते, तिला तेल लागतं आणि दमट उष्ण हवा आवडते. डोक्यावर, कपाळावर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या आल्या तर तेल थांबवून डॉक्टरांना दाखवावं. या पुळ्या साध्या मुरुमाच्या औषधाने जात नाहीत, बुरशीचं औषध लागतं. कोरडेपणासाठी तेलकट नसलेलं, पाण्यासारखं हलकं मॉइश्चरायझर पुरतं.

गोल चट्टा, कडेला लाल आणि मधे बरा होत आलेला, असं दिसलं तर ते गजकर्ण असू शकतं. फार्मसीत मागितल्यावर मिळणाऱ्या अनेक 'मिक्स' क्रीममध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. ही क्रीमं स्वतःच्या मनाने लावू नका.

आणि ऊन. केस हे डोक्याचं छप्पर होतं, ते तुम्ही काढलंय. मार्च ते मे या महिन्यांत दुपारचं आपलं ऊन अतितीव्र असतं. किनाऱ्यावर वाळूवरून परावर्तित होऊन ते आणखी वाढतं, आणि ढगाळ दिवशीही अतिनील किरणं बरीच खाली पोचतात. सावळ्या कातडीला त्वचेच्या कॅन्सरचा धोका गोऱ्यांच्या मानाने कमी, पण डोकं भाजणं, साल निघणं आणि मागे काळे डाग राहणं काही चुकत नाही. एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन डोक्याला आणि कानांच्या पाळ्यांनाही लावावं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. जत्रेला, शिगम्याच्या मिरवणुकीला, शेतात किंवा क्रिकेट खेळायला जाताना टोपी हवीच.

हत्यार कोणतं, हात कसा

माझं स्पष्ट मत असं की आपल्या हवेत बहुतेकांनी रोजच्या वस्तऱ्याच्या नादी लागू नये. बिनगार्डचं झिरो मशीन केस साधारण अर्ध्या मिलिमीटरवर ठेवतं. सावली तर दोन्हीकडे असतेच. अर्ध्या मिलिमीटरचे खुंट ती थोडी गडद करतात, पण छटा एकसारखी आणि जाणूनबुजून ठेवलेली दिसते, आणि कातडीला पातं लागतच नाही. दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन फिरवलं की झालं. अगदी गुळगुळीत हवं असेल तर जाळीचं इलेक्ट्रिक शेव्हर हा मधला मार्ग. जाळीमुळे पातं कातडीला थेट टेकत नाही, म्हणून आत वळलेल्या केसांचा त्रास कमी होतो.

वस्तराच हवा असेल तर आधी मशीनने केस पार तोकडे करा. मग अंघोळीच्या कोमट पाण्यात डोकं दोन-तीन मिनिटं भिजू द्या. केस पाणी शोषून फुगतो, मऊ होतो, आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. साध्या अंगाच्या साबणाऐवजी शेव्हिंग जेल किंवा फोम घ्या. केस कुठल्या दिशेला झुकलेत ते तळव्याने चाचपा. कपाळापासून मागे, कानांवर खाली आणि भोवऱ्यापाशी गोल, अशी दिशा बदलत जाते, आणि भोवऱ्यापाशीच जास्त जण चुकतात. पहिला हात सुलटा. गरज वाटली तर दुसरा आडवा. उलटा हात ज्यांच्या कातडीला सोसतो त्यांनीच मारावा. पातं कातडीवर नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. ओढायला लागलं की ते बदला, कारण बोथट पातं नव्यापेक्षा जास्त घाव करतं.

केस काढायची क्रीमं डोक्याला लावू नका. त्यातलं रसायन केसाचं प्रथिन विरघळवतं, आणि कातडीही त्याच जातीच्या प्रथिनाची बनलेली असते. डोक्यावर भाजलं तर खपल्या बऱ्या व्हायला फार दिवस जातात. वॅक्सने केस मुळासकट निघतात आणि सावलीही काही आठवडे जाते, हे खरं. पण एवढ्या दाट केसांवर ते भयंकर दुखतं आणि नंतर आत वळलेले केस जास्त येतात.

सलूनमध्ये काय बघायचं

नवी पाती तुमच्या डोळ्यांसमोर मोडून वस्तऱ्यात घातली पाहिजे. हे मागताना संकोच करू नका, चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, आणि त्याला पुरेसा होईल असा घाव डोळ्याला दिसतही नाही. मशीनचं पातं ब्रशने झाडून स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा. तुरटी रक्त थांबवते, कातडी आखडते, तिचा उपयोग आहेच. पण एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या ओरखड्यांवरून फिरत असेल तर तो नको. दहा-वीस रुपयांचा स्वतःचा खडा खिशात ठेवा.

क्षौराच्या वेळी, नदीकाठी किंवा अंगणात, कोरड्या लांब केसांवर थेट वस्तरा चालवला जातो आणि डोकं ओरखड्यांनी भरतं. तिथेही आधी कात्री किंवा मशीन आणि भरपूर पाणी, एवढं सांगता येतं. विधीला त्याने काही बाधा येत नाही.

किमोथेरपी सुरू असेल तर वस्तरा अजिबात नको. औषधांमुळे रक्तातल्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, मग साध्या ओरखड्याचं रक्तही लवकर थांबत नाही आणि जंतू लवकर शिरतात. मशीन वापरावं, तेही घरचं आणि स्वच्छ केलेलं.

रंगाने झाकता येते का?

येते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेडण्याकडे दशावतारात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला दाढीची हीच निळाई लपवावी लागते. निळ्यावर सरळ कातडीच्या रंगाचा थर दिला तर तो राखेसारखा दिसतो. म्हणून रंगभूषाकार आधी नारिंगी छटेचा पातळ थर देतात, कारण नारिंगी निळ्याला मारतं, आणि मग वर कातडीचा रंग. लग्नासाठी, फोटोसाठी किंवा मुलाखतीसाठी हे एक दिवस चालेल. घामाच्या दिवसांत रोज करणं शक्य नाही आणि योग्यही नाही. रोजच्यासाठी कातडीच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सगळ्यात सोयीचं. ऊनही अडतं आणि टाळू व बाजू यांतला फरकही थोडा बुजतो. टाळूची चकाकी टिपकागदाने किंवा साध्या रुमालाने टिपली तरी डोकं बरंच एकसारखं दिसतं.

लेझरने कायमचं मिटवलं तर?

मिटवता येतं, पण सही करण्यापूर्वी पुढचं वाचा. लेझरचा प्रकाश केसातल्या मेलॅनिनमध्ये शोषला जातो, उष्णता होते आणि केसकूप जळतो. आजूबाजूची कातडी वाचवून फक्त रंगाचं लक्ष्य तापवायचं हे तत्त्व १९८३ साली मांडलं गेलं. वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसावरच ते नीट चालतं, म्हणून एका बैठकीत होत नाही, आठवड्यांच्या अंतराने अनेक लागतात. पिकलेल्या केसांवर चालत नाही. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणून कातडीच तापून भाजण्याचा किंवा डाग पडण्याचा धोका असतो. आपल्यासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित मानलं जातं ते १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, एनडी-याग नावाचं लेझर. मशीन कोणतं आणि चालवणार कोण, डॉक्टर की आणखी कुणी, हे विचाराच. उन्हाने रापलेल्या कातडीवर, म्हणजे ऐन मे महिन्यात, ते करू नये.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. बाजूचे आणि मागचे केस ही तुमची ठेव आहे. पुढे कधी केस प्रत्यारोपण करावंसं वाटलं तर तेच केस केसकुपासकट काढून टाळूवर लावले जातात, कारण तिथले केसकूप डीएचटीला दाद देत नाहीत. सावली नको म्हणून तेच जाळून टाकले तर तो रस्ता कायमचा बंद. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलांनी हा निर्णय घेऊच नये असं मला वाटतं.

उलट दिशेचाही एक उपाय आहे. टाळूवर बारीक ठिपक्यांचा टॅटू काढून तिथे खोटी सावली आणायची, म्हणजे पूर्ण डोकं दाट केस भादरल्यासारखं दिसतं. चांगल्या हाताने केलं तर फसवं दिसत नाही. पण मग बाजूचे केस कायम त्याच लांबीवर ठेवावे लागतात, काही वर्षांनी ठिपके फिके पडून पुन्हा भरावे लागतात, आणि बाजूचे केस पिकले तरी वरचे ठिपके काळेच राहतात.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध डोक्याला लावणाऱ्यांसाठी एक सूचना. चकोट डोक्यावरही ते लावता येतं, पण वस्तरा फिरवल्यावर लगेच नाही. ओरखडलेल्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं आणि आग होते. घरात मांजर असेल तर औषध वाळेपर्यंत तिला डोक्याजवळ येऊ देऊ नका, तिला ते विषारी आहे.

केस परत वाढवायचे असतील तर

पहिल्या तीन दिवसांत मिलिमीटरभर खुंट येतात आणि उशीला अडकतात. आठ-दहा दिवसांत लांबी एक नंबरच्या गार्डएवढी, म्हणजे तीन मिलिमीटर होते, आणि इथून सावलीची जागा खरे केस घेऊ लागतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोकं सगळ्यात विचित्र दिसतं. केस वाकण्याएवढे लांब नसतात, त्यामुळे कानांवरचे आडवे बाहेर येतात आणि चेहरा रुंद वाटतो. याच टप्प्यावर बहुतेक जण कंटाळून पुन्हा गोटा करतात.

तेवढे दिवस काढायला दर दहा-बारा दिवसांनी सलूनमध्ये जाऊन फक्त बाजू कमी करून घ्या. तीन आठवड्यांनी वरचे केस सात-आठ मिलिमीटर झालेले असतील, तेव्हा कारागिराला सांगा: वर हात लावू नको, कानांवर एक नंबर, मानेवर झिरो, वस्तरा नको. सहाव्या आठवड्यात कानांवर दोन नंबर आणि मानेवर एक. त्यापुढे वरच्या केसांना कात्री लागायला हरकत नाही.